आईने सांगितलेली मुलगी

“डॉक्टरीणबाई, एक मिनिट,” असं खालून कोणीतरी म्हणालं, तेव्हा मी जिन्याच्या कठड्याला चिकटून उभी राहिले आणि मागून येणाऱ्या डॉक्टरीणबाईंना वाट करून दिली. मागून कोणीच आलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या दारात घड्याळवाले काका उभे होते, एक हात गालावर, आणि बघत होते माझ्याकडेच. रविवारची दुपार होती, चार-साडेचार वाजले असतील. माझ्या एका हातात आईसाठी आणलेली सफरचंदं होती, दुसऱ्या हातात तिच्या गुडघ्यांचं मलम. “मला म्हणालात?” मी विचारलं. “मग? या जिन्यात काय डॉक्टरांची रांग लागलीय?” ते हसायला गेले आणि हसू मध्येच सोडून त्यांनी गाल दाबून धरला. पूर्वी चौकाच्या कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान गेलं, नाव राहिलं. अकरा वर्षं, म्हणजे आई या इमारतीत राहायला आल्यापासून, दर रविवारी आम्ही जिन्यात एकमेकांना ‘काय, बरं आहे ना’ म्हणत आलो होतो, त्यापलीकडे एक शब्द नाही. “तुमच्या आईंना कितीदा म्हटलं, मुलगी आली की पाच मिनिटं पाठवा. त्या म्हणतात, आठवडाभर ऑपरेशनं करून पोर दमून येते, एक दिवस तरी तिला आईपाशी बसू दे. तेही खरंच आहे म्हणा. पण तुम्ही सांगितलेल्या त्या मिठाच्या गुळण्या दोन महिने करतोय हो. जीभ काही बरी होत नाही.”

तुम्ही सांगितलेल्या. मी ‘हे वर ठेवून आलेच’ असं काहीतरी पुटपुटले आणि चढायला लागले. आई चौथ्या मजल्यावर राहते. त्या दोन मजल्यांत मी सफरचंदांची पिशवी या हातातून त्या हातात तीनदा घेतली. मी डॉक्टर नाही. मी दात करते. मोठ्या इस्पितळाच्या मागच्या गल्लीत एका तळघरात आमची लॅब आहे. खिडकी फुटपाथच्या पातळीला, त्यामुळे दिवसभर आम्हाला माणसांचे बूट दिसतात आणि प्लास्टरमध्ये त्यांची तोंडं दिसतात, मधलं काही दिसत नाही. दवाखान्यांतून तोंडाची मापं येतात, त्यांत आम्ही प्लास्टर ओततो, तासाभराने माप सोडवलं की हातात कोणाचं तरी तोंड येतं. त्यावर मेणाच्या हिरड्या चढवायच्या, हिरड्यांत एकेक दात लावायचा, वरचा खालच्याशी जुळतो का बघायचं, मग पक्की कवळी करायची. तेवीस वर्षं मी हे करते आहे आणि मला ते येतं, म्हणजे चांगलंच येतं. चिठ्ठीवर फक्त वय लिहिलेलं असतं, बाकीचं साचा सांगतो: हा झोपेत दात खातो, ही एकाच बाजूने चावते, याने आयुष्यभर दातांत खिळे धरले, म्हणजे हा सुतार किंवा चांभार असणार. मी कवळ्या करते एवढं तरी आईला ठाऊक आहे असं मी धरून चालले होते. ठाऊक होतंही. तिने फक्त ते कोणाला सांगितलं नव्हतं.

दार लोटलेलं होतं. आई खिडकीपाशी डोळे मिटून बसली होती, पण झोपली नव्हती. रेडिओ ऐकताना ती डोळे मिटते. आयुष्यभर तिने ऐकण्याचंच काम केलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर होती, एका लांबलचक खोलीत तीस बायकांच्या रांगेत बसून शहराला शहराशी जोडत. डोक्यावरून कानांपर्यंत येणाऱ्या हेडफोनच्या पट्टीची तिच्या केसांत एक खाच पडलेली असे, ती रविवारीही जायची नाही. मी लहानपणी तिच्या मांडीत बसून त्या खाचेतून बोट फिरवत असे. “आलीस?” तिने डोळे न उघडता विचारलं. “आज जिन्यात थांबलीस कुठेतरी. दुसऱ्या मजल्यावर.” मी म्हटलं, “हो.” तिने पुढे विचारलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं पाणी ठेवलं आणि ते उकळेपर्यंत तिथेच उभी राहिले. हे घर मी लहान असताना आमचं नव्हतं, तरी स्टोव्हपाशी उभं राहिलं की मला जुन्या घरातलं स्वयंपाकघर दिसतं, एका खोलीचाच पडद्याने तोडलेला भाग, आणि पडद्याच्या पलीकडे आईचं शिवणयंत्र, ज्याच्या मिटलेल्या फळीवर मी अभ्यास करत असे. पाय नकळत यंत्राच्या खालच्या पॅडलवर जायचे, चाक फिरायला लागायचं, आणि आई म्हणायची, “मुंगे, अभ्यास शिवतेयस की करतेयस?” मुंगी हे माझं घरातलं नाव, कारण मी सतत काहीतरी बारीकसारीक हातात घेऊन बसलेली. साबणाच्या वडीचं घर, मेणबत्तीच्या मेणाचा कुत्रा, ब्रेडच्या मऊ भागाची माणसं. आई ती माणसं खिडकीत ओळीने मांडून ठेवायची, पण आल्यागेल्याला सांगायची ते वेगळंच. “ही डॉक्टर होणार.” मी चार वर्षांची असल्यापासून ती हे सांगत होती. मी चार वर्षांची असताना वडील गेले, तापाने, एका दिवसात. शहरातल्या सगळ्यांचे फोन जोडून देणाऱ्या बाईला त्या दिवशी डॉक्टरांचा नंबर एंगेज लागत राहिला. हे तिने मला एकदाच सांगितलं होतं, तेही भाजीच्या दरासारखं, काही आवाज न चढवता. त्यानंतर मी काय होणार या प्रश्नाला आमच्या घरात कधी जागाच नव्हती. आणि खरं सांगायचं तर ती जागा मलाही हवी होती असं नाही. आईच्या तोंडून ‘ही डॉक्टर होणार’ ऐकताना मला बरं वाटायचं. नवीन बूट घातल्यावर वाटतं तसं. थोडे मोठे आहेत, पण आपलेच आहेत.

चहा तिच्या हातात दिला आणि म्हटलं, “मी जरा घड्याळवाल्या काकांकडे जाऊन येते.” आईने रेडिओ बंद केला. “कशाला?” “त्यांनी बोलावलंय.” “अगं, ते काय, धरून बसवतात माणसाला. चहा गार होईल तुझा.” “पाच मिनिटांत येते.” ती माझ्याकडे बघत राहिली. तिने एवढंच म्हणायला हवं होतं की ‘थांब’. ती म्हणाली, “दार ओढून घे.”

खाली काकूंनी दार उघडलं ते इतक्या अगत्याने की मला आत जायला लाज वाटली. त्यांनी खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग उचलला, खुर्ची पदराने पुसली, “बसा डॉक्टर, बसा,” म्हणत स्वतः पलंगाच्या कडेवर टेकल्या. भिंतीवर सात-आठ घड्याळं होती, सगळी चालू, आणि सगळ्यांची वेळ अगदी एक. “तुमच्या आई काय सांगतात हो एकेक,” काकू म्हणाल्या. “आम्ही खाली बाकावर बसतो ना संध्याकाळच्या, तुमचे किस्से असले की दुसरं काही नको. तो टोपीवाला! ऑपरेशनच्या टेबलावरही टोपी काढू देईना, म्हणे टक्कल बायकोने अजून पाहिलेलं नाही. मी तर हसून हसून पडले. आणि ती म्हातारी, जी रोज नर्सला विचारायची, माझा नंबर कितवा, आणि शेवटी कळलं की तिला ते पोस्ट ऑफिस वाटत होतं.” मी हसले, कारण हसणं भाग होतं. टोपीवाला मला माहीत होता. तो कुठल्याच इस्पितळात कधी नव्हता. तो मी बनवला होता, विसाव्या वर्षी, एका बागेतल्या ओल्या बाकावर बसून, पाच वाजायची वाट बघत.

मेडिकल कॉलेजात मी दीड वर्ष होते. प्रेतांची भीती वाटली म्हणून मी सोडलं असं पुष्कळांना वाटलं आणि मीही त्यांना तसंच वाटू दिलं, कारण ते समजायला सोपं होतं. खरं म्हणजे त्या हॉलमध्ये मी सुखात होते. हाडं हातात घ्यायला मिळायची, त्यांच्या कडा, खड्डे, नस जायची छिद्रं बोटांनी वाचता यायची. संध्याकाळी घरी मी हाडांची नावं घडाघडा म्हणायची आणि आई ड्युटीवरून येऊन, गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून, माझं पुस्तक मांडीवर धरायची. तिला त्यातलं अक्षर कळायचं नाही. पण आवाज कुठे अडखळला ते तिला बरोबर कळायचं. “इथे लाइन खराब आहे,” ती म्हणायची. “पुन्हा.” आणि मी पुन्हा म्हणायची, आणि बादलीतलं पाणी गार व्हायचं, आणि खालच्या रस्त्यावर शेवटची ट्राम घंटा वाजवत जायची. मला आजही कुठलं हाड आठवायचं असेल तर आधी साबणाच्या पाण्याचा वास येतो. पण दुसऱ्या वर्षी आम्हाला वॉर्डात नेलं. पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांनी एका म्हाताऱ्याच्या पलंगापाशी मला पुढे ढकललं, “काय दिसतं?” म्हणाले. मला त्याचे कान दिसले, त्याच्या खालच्या ओठावरचा वण दिसला, समोरचे दोन दात एकमेकांवर कसे चढलेत ते दिसलं. आजार दिसला नाही. दुसऱ्या दिवशी एका बाईने माझा हात धरला आणि विचारलं, “मी बरी होईन ना?” ती हात सोडेना. माझ्याबरोबरची मुलं अशा वेळी काहीतरी बोलत, खरं-खोटं, पण बोलत. माझ्या तोंडून आवाजच फुटला नाही. त्या बाईचा हात मी सोडवून घेतला. अजूनही कधी कधी तो हात मला सोडवून घ्यावा लागतो. त्यानंतर मी वॉर्डाच्या दारापर्यंत जायची आणि परत फिरायची. मग दारापर्यंतही नाही. रोज सकाळी डबा, पांढरा कोट आणि पुस्तकं घेऊन मी घरातून निघायची आणि शहरभर चालायची. कॉलेजसाठी कवटीचा साचा आणायला एकदा मला त्या तळघरात पाठवलं होतं; पाय तिकडे वळायला लागले. तिथले मास्तर एकटेच काम करायचे, स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवून मेण कापत. त्यांनी मला ‘तू इथे कशी’ असं कधी विचारलं नाही. एक दिवस समोर मेणाचा गोळा सरकवला आणि म्हणाले, “सुळा कर बघू.” मी केला. त्यांनी तो उजेडात धरला, बराच वेळ फिरवला, आणि म्हणाले, “उद्या लवकर ये.” सबंध आयुष्यात माझ्याबद्दल कोणी काढलेलं ते सगळ्यात मोठं कौतुक आहे.

मास्तर दुपारी झोपायचे आणि तळघर बंद असायचं. तेव्हा मी बागेत बसून वॉर्ड रचायची. आई संध्याकाळी विचारणार, ‘आज काय झालं?’ तेव्हा काहीतरी व्हायला हवं होतं. सहा महिने मी रोज एक पेशंट घरी आणला. टोपीवाला, पोस्ट ऑफिसवाली म्हातारी, झोपेत बायकोऐवजी गाढवाला हाका मारणारा गाडीवान. आई बादलीत पाय सोडून ऐकायची, हसायची, कधी डोळे पुसायची. मग एक दिवस कॉलेजातून पत्र आलं, तिने ते वाचलं, घडी करून परत पाकिटात घातलं आणि विचारलं, “मग असतेस कुठे दिवसभर?” मी सांगितलं. “कवळ्या?” ती म्हणाली. फक्त तेवढंच, एक शब्द. रागावली असती तर मी भांडले असते, रडले असते. त्या एका शब्दापाशी माझं तोंड मिटलं ते मिटलंच. मी काम शिकले, मास्तर गेल्यावर लॅब माझ्याकडे आली, मी वेगळं घर घेतलं, दर रविवारी फळं आणि औषधं घेऊन येत राहिले. लॅबबद्दल आईने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आम्ही हवेबद्दल बोलायचो, गुडघ्यांबद्दल बोलायचो. आणि इकडे, दोन मजले खाली, माझे सगळे पेशंट सुखरूप होते.

“बघता ना जरा?” काका म्हणाले. ते खिडकीपाशी जाऊन बसले होते, तोंड उजेडाकडे करून. मी म्हणू शकले असते की आज नको. मी उठले. त्यांनी स्वतःच टेबलावरचं घड्याळदुरुस्तीचं भिंग माझ्या हातात दिलं आणि आ केला. खालच्या डाव्या बाजूची दाढ अर्धी तुटलेली होती, आतली कड सुरीसारखी. ती मला लगेच कळली. तिच्यापुरती मी कोणाहीइतकी शहाणी आहे. मग त्यांनी जीभ उचलली. प्लास्टरच्या साच्यात जीभ नसते. जिभेबद्दल मला काही कळत नाही. पण त्या दाढेसमोर, जिभेच्या कडेला, बोटाच्या पेराएवढा व्रण होता, कडा उचललेल्या, मधला भाग पांढुरका. “दुखतं?” “आता आता कमी दुखतं,” काका म्हणाले. “म्हणून म्हटलं, गुण येतोय की काय.” माझ्या डोळ्यांसमोर ती मापं आली जी वर्षाकाठी आठ-दहा येतात, तोंडाच्या एका सर्जनांकडून. कापून अर्धेच उरलेले जबडे. त्यांच्या चिठ्ठ्या मी नेहमी स्वतःच उघडते, कामगारांना देत नाही. ती माणसं आधी कशी दिसत असतील, त्यांच्या जिभेच्या कडेला आधी काय असेल, हे मी कधी पाहिलं नव्हतं. कदाचित हे असेल. कदाचित नसेलही. मी सांगू शकत नव्हते, आणि खोलीतली दोन माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. ‘तातडीने दाखवून घ्या’ असं डॉक्टरीणबाईंनी म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते गेले असते. आईचं बाकही राहिलं असतं, टोपीवालाही राहिला असता. पण मग काकूंनी विचारलं, “मोठं काही नाही ना, डॉक्टर?” आणि माझा हात धरला.

“मी डॉक्टर नाही,” मी म्हणाले.

काकूंचा हात तसाच राहिला. “म्हणजे?” “मी कवळ्या करते. माझी लॅब आहे, मोठ्या इस्पितळाच्या मागे. डॉक्टर मी कधीच नव्हते.” घड्याळं चालत होती. काका तोंड मिटायचं विसरले होते. “ही जखम मला साधी वाटत नाही,” मी घाईघाईने म्हटलं, “मला त्यातलं कळत नाही, पण दोन महिने बरी न होणारी जखम बघायलाच हवी. मी एका सर्जनांना ओळखते, माझ्याकडे त्यांचं काम येतं. आत्ता फोन करते. उद्या सकाळी आपण जाऊ, मी येते बरोबर.” काकांनी भिंग माझ्या हातातून काढून घेतलं, रुमालाने पुसलं, डबीत ठेवलं. “मग गुळण्या कोणी सांगितल्या?” त्यांनी विचारलं. ‘मीच’ म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं, शपथेवर सांगते. पण मी म्हणाले, “मी नाही. मला आज जिन्यात कळलं.” काकूंनी माझा हात सोडला. “म्हणजे दोन महिने,” त्या म्हणाल्या, “आम्ही दोन महिने तुमच्या नावावर...” आणि त्यांनी तोंडावर हात धरला.

वर आले तेव्हा माझा चहा बशीखाली झाकलेला होता. “सांगितलंस?” आईने विचारलं. “सांगितलं.” “बरं केलंस,” ती म्हणाली, पण तिचा आवाज कुठूनतरी लांबून आला. मी ओरडले. आईवर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. “तुला कळतं का तू काय केलंस? त्यांच्या जिभेला काय झालंय माहीत आहे? माझ्या नावावर औषधं सांगतेस?” “मला वाटलं तोंड आलंय. मिठाच्या पाण्याने कोणाचं काय वाईट होतं?” “मग स्वतःच्या नावावर सांगायचंस!” “माझं कोण ऐकतं?” आई म्हणाली. ते तिने इतकं साधेपणाने म्हटलं की मी खाली बसले. मग मी विचारलं, “इथे आलीस तेव्हा तुला कोणी ओळखत नव्हतं. पहिल्या दिवसापासून खरं सांगता आलं असतं. का नाही सांगितलंस? इतकी लाज वाटत होती माझी?”

“लाज?” आई म्हणाली. तिने सफरचंद हातात घेतलं होतं, सोलत नव्हती, नुसतं फिरवत होती. “पहिल्याच आठवड्यात खालच्या बाईंनी विचारलं, मुलगी काय करते. मी सांगायला तोंड उघडलं, आणि मला कळलं की मला काही माहीतच नाही. कवळ्या करते, एवढं म्हटलं की संपलं. पुढे काय सांगू? तू कोणाशी काम करतेस, दुपारी काय खातेस, हसतेस का तिथे, काय. तुझं असं मला माहीत होतं ते एवढंच, ते सहा महिने. टोपीवाला. पोस्ट ऑफिसवाली.” “ते सगळं खोटं होतं, आई. मी बागेत बसून रचायची.” “माहीत आहे,” ती म्हणाली. “पहिल्या आठवड्यातच कळलं होतं मला. कानाचं काम होतं ना माझं. लाइन खराब आहे ते कळणार नाही?” मी विचारलं, “मग बोलली का नाहीस?” “बोलले असते तर तू थांबली असतीस,” आई म्हणाली. “मुंगे, त्याआधी तू माझ्याशी इतकं कधी बोलली नव्हतीस. त्यानंतरही नाही. मी रोज ड्युटीवर घड्याळ बघायची, कधी एकदा घरी जाते आणि आज कोण आलंय ते ऐकते. कॉलेजचं पत्र आलं तेव्हा मला सगळ्यात आधी काय वाटलं असेल? की आता हे संपलं.” मला तो एक शब्द आठवला. ‘कवळ्या?’ तेवीस वर्षं मी तो तिच्या तोंडून तुच्छतेने निघाला असं ऐकत आले होते. त्यात प्रश्नचिन्ह होतं. कदाचित ती विचारत होती. कदाचित ती खरोखरच पुढचं ऐकायला थांबली होती, आणि मी उठून पडद्याआड गेले होते. कदाचित नसेलही, आईला त्या दिवशी काय वाटलं ते आता तिलाही नीट आठवत नसेल. पण त्या संध्याकाळचा प्रकाश मला दिसला, बादलीतलं पाणी, आईचे पांढरेफटक पडलेले पाय, आणि तिच्या वर उचललेल्या तोंडावरची ती वाट बघणारी मुद्रा, जी मी एवढी वर्षं चुकीची वाचली असेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं सर्जनांकडे गेलो. काकू टॅक्सीत माझ्याशी बोलल्या नाहीत. तुकडा काढून तपासायला दिला, आठ दिवसांनी उत्तर आलं, आणि मला भीती होती तेच निघालं, कॅन्सर. महिन्याभरात ऑपरेशन झालं, जिभेचा डावा कोपरा गेला, दाढही गेली, माणूस राहिला. सर्जन मला बाजूला घेऊन म्हणाले, “वेळेत आणलंत. दोन महिन्यांपूर्वी आणलं असतंत तर यापेक्षा कमी कापावं लागलं असतं.” यातला कुठला भाग आईला सांगायचा ते मला बसमध्ये ठरवता आलं नाही. शेवटी दोन्ही सांगितले. तिने उठून, खाली बाकावर जाताना घालायचा आपला चांगला कोट कपाटात आत टांगला आणि खाली जाणं बंद केलं. बातमी इमारतभर झाली होतीच. पहिल्या मजल्यावरचा एक मिशीवाला मला जिन्यात गाठून “काय डॉक्टरीणबाई, आज सुट्टी?” म्हणाला, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा ते जास्त लागलं. एकदा आई दोन मजले उतरून काकूंच्या दारापाशी गेली होती. काकूंनी दार उघडलं नाही. हे तिने मला आपणहून सांगितलं नाही, तिच्या गुडघ्यांनी आधी सांगितलं; त्या रविवारी ते दुप्पट सुजले होते.

मलम चोळताना मी सहज बोलायला लागले. सहज म्हणजे आठवडाभर मनात घोळवून. एका बस कंडक्टरची कवळी आली होती. त्याने चिठ्ठीवर खास लिहून पाठवलं होतं की पुढच्या दोन दातांत फट ठेवा, शिट्टी त्यातूनच वाजते. मी फट ठेवली, तरी वाजेना. कवळी तीनदा परत आली. शेवटी त्याला लॅबमध्येच बोलावलं, समोर बसवलं, कानशीने थोडं थोडं घासत गेले आणि तो दर वेळी फुंकून बघत होता. आमचा पॉलिश करणारा, मेणकाम करणारी आणि हिशेबनीस, तिघंही काम टाकून उभे होते. शेवटी वाजली, तर फुटपाथवर चाललेले बूट थांबले. आईने डोळे मिटले होते. “खरंच?” तिने विचारलं. “खरंच.” “मग तो काय म्हणाला?” “काही नाही. शिट्टी वाजवत गेला.” तिने एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं, आवाज तपासत. मग म्हणाली, “आणखी?” पुढच्या रविवारी मी आणखी नेलं. त्याच्या पुढच्या रविवारीही. मला आठवड्यात घडलेलं लक्षात ठेवायची सवय लागली. सोमवारी साचा सोडवताना मनात यायचं, हे आईला सांगायचं. असं मला विसाव्या वर्षानंतर झालं नव्हतं. आणि तेव्हा ते रचावं लागत होतं.

काका घरी येऊन तीन आठवडे झाले असतील. रविवारी मी जिना चढत होते आणि पहिल्या वळणावरच मला आईचा आवाज आला. घरातला नाही, एक्स्चेंजमधला, स्वच्छ, प्रत्येक अक्षर वेगळं, मी लहानपणी फोनवर ऐकलेला. दुसऱ्या मजल्याचं दार उघडं होतं. आई आत बसलेली नव्हती. चौकटीला धरून उभी होती, चांगला कोट घालून, आणि आत काका उशीला टेकून बसलेले दिसत होते, काकू त्यांच्या मागे, हाताची घडी घालून. काकूंनी तिला आत बोलावलं नव्हतं, पण दारही लावलं नव्हतं. “...तर कानशीने घासते आहे, घासते आहे,” आई सांगत होती, “आणि बाहेर ही गर्दी! शेवटी वाजली शिट्टी, तर कोपऱ्यावरची बस थांबली.” काकांच्या तोंडून एक विचित्र, तिरका आवाज आला. ते हसत होते. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, आणि त्यांच्या हाताची घडी सुटली. “एकटीच करते हे सगळं?” त्यांनी विचारलं, आईकडे न बघता. तो त्यांनी आईला दोन महिन्यांत विचारलेला पहिला प्रश्न असणार. आई ताठ झाली. “एकटी कशाला?” ती म्हणाली. “बारा माणसं आहेत तिच्या हाताखाली.”

“तीन,” मी खालच्या पायरीवरून म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आईने सोडून. ती चौकट धरून तशीच उभी होती, पाठ माझ्याकडे. मागून तिच्या पांढऱ्या केसांत ती खाच कुठे दिसते का ते मी बघत होते. दिसली नाही. केव्हा भरून आली कोण जाणे.

“सध्या,” आई म्हणाली.